टॉम आणि जेरी: 'आधीचं भारी, आताचं बेकार' या वादावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्याच्या सुट्टीत खान्देशात दुपारी बारा ते चार घराबाहेर पडायची सोय नसते. पोरं टीव्हीपुढे, मागे खाटेवर मोठी माणसं, आणि पडद्यावर टॉम-जेरी. थोड्या वेळात वाद ठरलेला: हे आता आधीसारखं राहिलं नाही. जळगाव, भुसावळ, शिरपूर, धुळे, नंदुरबार इकडून जे प्रश्न फिरून फिरून येतात, त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. 'भाग' हा शब्द सोयीसाठी वापरला आहे. मूळचे भाग म्हणजे सिनेमागृहात मुख्य चित्रपटाआधी दाखवायचे साधारण सात मिनिटांचे लघुपट. निम्म्या वादाचं मूळ तिथेच आहे.

आमच्या लहानपणीचं टॉम-जेरी भारी होतं. आताच्या पोरांना हे काय दाखवतात?

आधी एक सांगा, तुमच्या लहानपणी जे लागायचं ते बनलं कधी? भारतात कार्टून नेटवर्क १९९५ साली आलं. सुरुवातीला दिवसा कार्टून आणि रात्री त्याच जागी टीएनटी या वाहिनीचे जुने इंग्रजी सिनेमे असा मामला होता. त्या काळात जे टॉम-जेरी बघून लोक पोट धरून हसले, त्यातले बरेचसे भाग १९४० आणि १९५० च्या दशकातले, म्हणजे तुमचे आजोबा पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जात होते तेव्हाचे. त्यात १९६० च्या दशकातलेही मिसळलेले असायचे. वाहिनी वर्ष सांगत नाही, एकापाठोपाठ एक लावते. मग एकाच्या डोक्यात १९४७ चा भाग असतो, दुसऱ्याच्या डोक्यात १९६२ चा, आणि दोघं 'जुनं टॉम-जेरी' म्हणून भांडतात.

म्हणून पहिला नियम: भागाचं साल कळल्याशिवाय वाद घालू नका. दर्जा खरोखर बदलला आहे, पण तो सरळ उतरत गेलेला नाही. चढला, पडला, सावरला, पुन्हा पडला. दर वेळी कारण बहुधा एकच होतं: एका मिनिटाच्या चित्रासाठी किती पैसा, किती वेळ आणि किती माणसं दिली.

एकूण किती भाग आहेत आणि कुणी बनवले?

सिनेमागृहांसाठीचा मुख्य हिशेब १६१ चा. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने एमजीएम स्टुडिओत १९४० ते १९५८ मध्ये ११४ केले. जीन डाइच यांनी १९६१-६२ मध्ये प्राग शहरात १३ केले. चक जोन्स यांच्या स्टुडिओने १९६३ ते १९६७ मध्ये ३४ केले. नंतर २००५ साली 'द कराटे गार्ड' हा एक सुटा लघुपट आला. बार्बेरांनी दिग्दर्शनात भाग घेतलेला तो शेवटचा. हॅना २००१ मध्ये गेले, बार्बेरा २००६ मध्ये.

टीव्हीसाठीच्या मालिका वेगळ्या मोजायच्या: १९७५ ची, १९८० ची, लहानग्या टॉम-जेरीची १९९० ची, 'टॉम अँड जेरी टेल्स' २००६ ची, 'द टॉम अँड जेरी शो' २०१४ ची, आणि २०२१ ची न्यूयॉर्कवाली.

पहिल्या भागात मांजराचं नाव टॉम नव्हतं म्हणतात, ते खरं का?

खरं. १० फेब्रुवारी १९४० ला आलेल्या 'पस गेट्स द बूट'मध्ये मांजराचं नाव जॅस्पर आहे. उंदराला पडद्यावर नावच नाही. पुढच्या भागाआधी स्टुडिओत नाव सुचवायची स्पर्धा झाली. जॉन कार नावाच्या ॲनिमेटरने सुचवलेली 'टॉम आणि जेरी' ही जोडी निवडली गेली आणि त्याला ५० डॉलर बक्षीस मिळालं.

भाग सुरू झाल्यावर काळ कसा ओळखायचा?

पहिली वीस सेकंदं लक्ष देऊन बघा. सुरुवातीची पाटी कापलेली असेल तर टॉमचं तोंड बघा.

अगदी सुरुवातीचा टॉम, म्हणजे १९४०-४२ चा, केसाळ असतो. अंगावर बारीक रेघा फार, गालाला झुपके, आणि बऱ्याचदा चार पायांवर चालतो, खऱ्या मांजरासारखा. १९४३-४४ पासून रेघा कमी होत जातात, तो दोन पायांवर येतो, आणि भुवया-ओठ इतके बोलके होतात की आवाज बंद करूनही त्याच्या मनात काय शिजतंय ते कळतं. १९५४ नंतर बाह्यरेषा जाड होते, मागची घरं-बागा सपाट रंगांच्या होतात आणि चित्र खूप रुंद असतं. हे सिनेमास्कोपचे भाग.

प्रागचे भाग डोळ्यांआधी कानाला कळतात. काहीही आपटलं की आवाज विहिरीत घुमल्यासारखा येतो. हालचाल झटक्याझटक्याची असते. आणखी एक पक्की खूण आहे: एमजीएमच्या इतर लघुपटांवर हॉलिवूडमध्ये बनल्याची ओळ असायची, ती यांवर नाही. श्रेयनामावलीतली चेक कलाकारांची नावंही इंग्रजी वळणाची करून घातली होती. संगीतकार श्टेपान कोनीचेक तिथे 'स्टीव्हन कोनीचेक' होतात.

चक जोन्सचा भाग ओळखायला सगळ्यात सोपा. एमजीएमचा सिंह डरकाळी फोडतो आणि त्याच्या जागी टॉम येऊन किंचाळतो. टॉमच्या भुवया दाट काळ्या, जेरीचे कान आणि डोळे मोठे, पापण्या लांब.

जेरीच्या गळ्यात लाल बो टाय आणि दोघं मित्र असतील तर १९७५ ची मालिका. दोघंही पिल्लं असतील तर १९९० ची.

जुन्या भागांत असं काय आहे? नुसतं मारामारीच तर आहे.

मारामारी सगळ्यांत आहे. फरक वेळेच्या मोजमापात आहे.

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चालतो. सात मिनिटं म्हणजे ४२० सेकंद, म्हणजे १०,०८० फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम दाखवलं तरी एका पात्रासाठी पाच हजारांवर चित्रं हाताने काढायची. पाठलाग जोरात असेल तिथे दर फ्रेमला नवं चित्र. शिवाय कुत्रा, भांडी, फुटणारी काच, प्रत्येकाची वेगळी. एमजीएमकडे त्यासाठी पगारी ॲनिमेटर, रेषा काढणारे, रंग भरणारे असा पूर्ण विभाग होता आणि एका भागाला काही महिने दिले जात.

कामाची वाटणी अशी होती: बार्बेरा गोष्ट आणि विनोदाची चित्रं काढायचे, हॅना वेळ ठरवायचे. टॉम हवेत किती फ्रेम लटकला की हसू येतं, हे तक्त्यावर आधीच लिहिलेलं असे. खाली पडण्याआधी तो आपल्याकडे बघतो ना, ती थांबण्याची लांबी आठ फ्रेमची की बारा, यावर पूर्ण विनोद उभा असतो. नव्या मालिकांत पडणं तेच आहे, थांबणं चुकतं.

तिसरा माणूस संगीतकार स्कॉट ब्रॅडली. त्यांच्या हाताशी एमजीएमचा वाद्यवृंद होता आणि ते पावलागणिक सूर लिहीत. जेरी चोरपावलांनी चालला तर एक वाद्य, टॉमने लाटणं उचललं तर दुसरं. १९४४ च्या 'पुटिन ऑन द डॉग'मध्ये तर त्यांनी त्या काळच्या सगळ्यात अवघड बारा-सुरी (सप्तकातल्या बाराही सुरांना सारखा मान देणाऱ्या) पद्धतीचा वापर केला, तोही उंदीर-मांजराच्या पाठलागासाठी. आवाज बंद करून एखादा जुना भाग दोन मिनिटं बघा, मग आवाज लावून तीच दोन मिनिटं बघा. ब्रॅडलींचं काम किती होतं ते त्यातून कळेल.

टॉमची ती प्रसिद्ध किंकाळी खुद्द हॅना यांच्या आवाजातली आहे. ध्वनिमुद्रणातली सुरुवात आणि शेवट छाटून मधला चढलेला तुकडाच ठेवलेला आहे, म्हणून ती कानात एकदम घुसते.

एकच भाग बघून हे सगळं समजून घ्यायचं असेल तर?

'द कॅट कॉन्चेर्टो', १९४७. टॉम कोट घालून पियानोवर फ्रान्झ लिस्टची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी वाजवतो आणि जेरी पियानोच्या आत झोपलेला असतो. एकही संवाद नाही. टॉमच्या बोटांकडे बघा: सूर जिथला ऐकू येतो, बोट बहुतेक वेळा त्याच बाजूला पडतं. जेरी पट्ट्यांच्या जागी उंदराचा सापळा ठेवतो तो क्षण आला की टॉमचं बोट सापळ्याच्या डावी-उजवीकडे वाचत वाचत फिरतं, आणि ती सगळी धडपड तालात बसते. मारामारी चालू असताना टॉम पायांनी वाजवतो, पण सुरावट तुटत नाही. याला ऑस्कर मिळालं. या जोडीच्या भागांना एकूण सात ऑस्कर मिळाली, पहिलं 'द यँकी डूडल माउस' या १९४३ च्या भागाला, शेवटचं 'योहान माउस'ला.

मग हॅना-बार्बेरांचे ११४ च्या ११४ भारी?

नाही. आमच्या मते १९४३ ते १९५३ ही दहा वर्षं भरघोस पिकाची. त्याआधीचे भाग देखणे आहेत पण संथ. टेक्स एव्हरी हे दुसरे कार्टून-दिग्दर्शक एमजीएममध्ये आल्यावर त्यांच्या भन्नाट वेगाची लागण शेजारच्या खोलीलाही झाली, असं मानतात, आणि भाग बघताना ते पटतं.

१९५५ नंतर घसरण दिसते. निर्माते फ्रेड क्विम्बी निवृत्त झाले, खर्चावर कात्री आली, आणि जुन्याच गोष्टी पुन्हा रुंद पडद्यासाठी काढल्या गेल्या. ही तुलना घरबसल्या करता येते. १९४९ चा 'हॅच अप युअर ट्रबल्स' आणि १९५६ चा 'द एग अँड जेरी' शेजारी शेजारी लावा. सुतारपक्ष्याचं पिल्लू तेच, विनोद तेच, हालचालीही बहुतेक त्याच. फक्त रेषा जाड आणि मागचं चित्र सपाट झालंय. 'द लिटल ऑर्फन' आणि १९५७ चा 'फीडिन द किडी' ही दुसरी जोडी. 'लव्ह दॅट पप' आणि 'टॉप्स विथ पॉप्स' ही तिसरी.

बंद पडायचं कारण तर निव्वळ व्यापारी. जुना भाग पुन्हा दाखवला तरी नव्याच्या जवळपास ९० टक्के उत्पन्न येतं, हे एमजीएमच्या साहेबांच्या लक्षात आलं. मग नवा कशाला बनवा? १९५७ मध्ये विभाग बंद. तयार असलेले भाग १९५८ पर्यंत येत राहिले, शेवटचा 'टॉट वॉचर्स'.

प्रागचे १३ भाग इतके विचित्र का? बघताना भीती वाटते.

भीती वाटते असं लिहिणारे पुष्कळ आहेत, तुम्ही एकटे नाही. कारणं तीन.

एक, पैसा. एका भागाला सुमारे १०,००० डॉलर मिळाले. एवढ्यात एमजीएमच्या तोडीची चित्रसंख्या बसतच नाही, म्हणून मधली चित्रं गळतात आणि हालचाल तुटक होते. दोन, ओळख. तिथल्या कलाकारांनी मूळ भाग मोजकेच पाहिले होते, आणि ज्याच्या चाली अठरा वर्षांत मुरलेल्या होत्या तो टॉम त्यांना थोडक्यात शिकायचा होता. तीन, आवाज. टॉड डॉकस्टेडर यांनी ध्वनी केले. ते इलेक्ट्रॉनिक संगीतातलं मोठं नाव, पण ब्रॅडलींचा वाद्यवृंद काढून त्या जागी घुमणारे प्रतिध्वनी आले की सगळ्या भागावर भुताटकीची छाया पडते.

वर टॉमचा तो जाडा, संतापी मालक. जुन्या भागांत टॉमला मार बसतो तेव्हा त्याने काहीतरी आगळीक केलेली असते. इथे मालक त्याला उगाच तुडवतो, आणि हसू येण्याऐवजी कीव येते.

पण डाइच यांना नवशिके म्हणू नका. त्यांच्या 'मन्रो' या लघुपटाला ऑस्कर मिळालं होतं. टॉम-जेरीचा हिंसक विनोद त्यांना मुळातच पटत नव्हता, आणि काम अंगावर आलं. हे समजून बघितलं तर 'कारमेन गेट इट' चक्क आवडू शकतो.

चक जोन्सवाले चांगले की वाईट?

देखणे, पण थंड. जोन्स वॉर्नर ब्रदर्समधून आलेले मुरलेले दिग्दर्शक. त्यांचा टॉम हालचालीपेक्षा मुद्रेवर चालतो: भुवई उडते, ओठ वाकतो, आणि विनोद तिथेच संपतो. पाठलागाची भूक असलेल्याला हे अळणी लागतं. दोन भाग मात्र खास तपासून घ्या. 'मॅटिनी माउस' आणि 'शटर बग्ड कॅट' यांत हॅना-बार्बेरांच्या जुन्या भागांतले तुकडे जोडलेले आहेत, म्हणून मध्येच टॉमचा चेहरा बदलतो. तुमच्या डोळ्यांचा दोष नाही तो.

एका मालिकेत दोघं मित्र होऊन फिरतात. हे कुणाच्या डोक्यातून आलं?

१९७५ ची मालिका. बनवली हॅना-बार्बेरांच्याच कंपनीने, म्हणून लोकांना जास्त लागतं. त्या काळात अमेरिकेत मुलांच्या टीव्हीवरच्या हिंसेविरुद्ध पालकांच्या संघटनांनी जोर धरला होता आणि शनिवार सकाळच्या कार्यक्रमांत मारहाण चालत नव्हती. मग दोघांना दोस्त करून देशोदेशी फिरवलं. ४८ गोष्टी झाल्या. भरितातली मिरचीच काढून टाकावी तसा प्रकार.

त्यानंतरच्या मालिकांत बघण्यासारखं काय?

१९८० ची, फिल्मेशन कंपनीने केलेली, सोडून द्या. पाठलाग परत आला, पण त्याच त्या धावण्याच्या चाली फिरवून फिरवून वापरल्या आहेत. १९९० ची पिल्लांची मालिका अगदी लहान पोरांना चालते. २००६ ची 'टेल्स' ही टीव्हीवरच्यांत आमच्या लेखी सगळ्यात प्रामाणिक: बोलणं फारसं नाही, तीन तीन छोट्या गोष्टी, मूळ ढंग धरायचा खरा प्रयत्न. २०१४ ची मालिका संगणकावर, आधीच काढलेले हात-पाय-डोकं हलवून केलेली आहे. तिच्यात टॉम वळला की पुठ्ठ्याचा वाटतो तो त्यामुळे. पहिल्या सत्रापेक्षा पुढची बरी. न्यूयॉर्कवाली आणखी बरी.

१९९२ च्या चित्रपटात दोघं बोलतात आणि गातात. एवढं सांगितलं की पुरे.

शेवटच्या भागात टॉम-जेरी रेल्वे रुळावर बसून जीव देतात, असा व्हिडिओ फिरतोय. खरा आहे का?

व्हिडिओ खरा, 'शेवटचा भाग' ही थाप. तो १९५६ चा 'ब्लू कॅट ब्लूज'. प्रेमभंग झालेला टॉम रुळावर बसतो, जेरीही शेवटी त्याच्या शेजारी येऊन बसतो आणि गाडीची शिट्टी ऐकू येते. सगळी कथा जेरीच्या मनातल्या आवाजात आहे, तो आवाज पॉल फ्रीज यांचा. त्यानंतर हॅना-बार्बेरांचेच कितीतरी भाग आले आणि त्यांत दोघंही ठणठणीत आहेत. टॉम-जेरीला ठरवून केलेला शेवटचा भाग नाहीच. लहान मुलांना मात्र हा भाग दाखवू नका.

फक्त पाय दिसणाऱ्या घरकाम करणाऱ्या बाईचा आवाज प्रत्येक प्रतीत वेगळा का?

१९४० ते १९५२ च्या भागांत तो आवाज लिलियन रँडॉल्फ यांचा. कृष्णवर्णीय मोलकरणीचं ते ठोकळेबाज चित्रण तेव्हाही टीकेचा विषय होतं. १९६० च्या दशकात टीव्हीसाठी तिच्या जागी गोरी बाई काढून जून फोरे यांचा आवाज भरला. १९९० च्या दशकात मूळ चित्र ठेवून थिया व्हिडेल यांच्या आवाजात संवाद पुन्हा मुद्रित केले. तिन्ही प्रती इंटरनेटवर मिसळून पडल्या आहेत. स्फोटानंतर चेहरा काळा होण्याचे विनोदही याच कारणाने कापले जातात, त्यामुळे मध्येच उडी मारल्यासारखं वाटलं तर तिथे कात्री लागली आहे असं समजा.

नव्या मोठ्या टीव्हीवर जुने भाग खराब दिसतात. टॉमचे कान कापले जातात, हालचाल तेलकट वाटते.

दोष सेटिंगचा. रिमोट घ्या आणि असं करा:

१. पिक्चर साइझ किंवा आस्पेक्ट रेशोमध्ये जाऊन '४:३' किंवा 'ओरिजिनल' निवडा. १९५४ पूर्वीचे भाग ४:३ च्या आसपासचे आहेत. 'झूम' ठेवलं तर वर-खाली कापतं, '१६:९' वर ताणलं तर जेरी बटाट्यासारखा फुगतो. बाजूला काळे पट्टे राहणारच, राहू द्या.

२. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. सॅमसंगमध्ये ती 'ऑटो मोशन प्लस' किंवा 'पिक्चर क्लॅरिटी'खाली असते, एलजीत 'ट्रूमोशन', सोनीत 'मोशनफ्लो', इतर बऱ्याच टीव्हींत 'एमईएमसी'. टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतः तिसरं घुसवतो. टॉम जोरात वळतो तेव्हा ॲनिमेटरने मुद्दाम एकाच फ्रेमसाठी त्याचं तोंड रबरासारखं लांब काढलेलं असतं. टीव्ही त्याचाच चिखल करतो.

३. पिक्चर मोड 'मूव्ही' किंवा 'सिनेमा', शार्पनेस शून्याच्या जवळ. 'व्हिविड'वर टॉमचा राखाडी निळा होतो आणि कडांना पांढरी किनार येते.

सिनेमास्कोपच्या भागांत उलटं असतं: पट्टे वर-खाली हवेत. चित्र पूर्ण पडदा भरत असेल तर दोन्ही बाजू छाटल्या आहेत, आणि टॉम कुणाकडे बघून दचकला तेच दिसणार नाही.

यूट्यूबवर आवाज चिरका येतो आणि अक्षरं उलटी दिसतात. असं का?

अक्षरं उलटी म्हणजे चित्र आरशासारखं फिरवलंय. कॉपीराइट पकडणाऱ्या यंत्रणेला चकवायला काही जण चित्र उलटवतात, वेग वाढवतात, भोवती चौकट टाकतात. अशी प्रत सोडून द्या, आता हक्क असलेल्या वॉर्नर कंपनीच्या अधिकृत वाहिनीवर किंवा तुमच्याकडे असलेल्या स्ट्रीमिंग ॲपवर शोधा.

आवाज किंचितच चढा असेल तर कारण वेगळं. आपल्याकडच्या जुन्या 'पाल' (PAL) प्रसारण पद्धतीच्या टीव्हीला सेकंदाला २५ फ्रेम लागतात. २४ चा सिनेमा २५ ने पळवला की तो चार टक्के लवकर संपतो. सात मिनिटांचा भाग ६ मिनिटं ४३ सेकंदांत उरकतो आणि स्वर हार्मोनियमच्या लगतच्या पट्टीच्या पाऊण वाटेपर्यंत चढतो. जुनी टीव्हीवरून उतरवलेली प्रत असेल तर हे हमखास. सुधारायचं असेल तर व्हीएलसीमध्ये वेग ०.९६ ठेवा. स्वरही खाली यायला हवा असेल तर वेग बदलताना स्वर तोच ठेवणारी सोय सेटिंगमधून बंद करा.

दर्जा स्वतः मोजून बघता येतो का, की सगळं आवडीनिवडीवर?

बराचसा मोजता येतो. संगणकावर यूट्यूब उघडा, पाठलागाच्या ठिकाणी थांबवा. पूर्णविरामाची कळ दाबली की एक फ्रेम पुढे, स्वल्पविरामाची दाबली की एक मागे. चोवीस वेळा पुढे जा आणि टॉमचं चित्र किती वेळा खरोखर बदललं ते मोजा. चोवीस जवळ आले तर काम उंची, बारा आले तर नेहमीचं चांगलं, सहा-आठ आले तर काटकसर.

आधी व्हिडिओवर उजवं बटण दाबून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स'मध्ये फ्रेमचा आकडा पाहा. तो ३० असेल तर चारावर एक फ्रेम नकली असते, ती मोजू नका आणि चोवीसऐवजी तीस वेळा पुढे जा, नाहीतर हिशेब चुकेल. नुसत्या आकड्यावर जाऊ नका एवढंच. टॉम दबा धरून स्थिर बसलाय तिथे चित्र बदलत नाही, आणि ते बरोबरच आहे.

लहान मुलांना कोणते भाग आधी दाखवावेत?

घरात अहिराणी बोलणाऱ्या, हिंदी-इंग्रजी फारसं न कळणाऱ्या चार-पाच वर्षांच्या पोरालाही बिनशब्दांचे भाग पहिल्या दिवसापासून कळतात. 'द बोलिंग ॲली-कॅट', 'माउस इन मॅनहॅटन', 'टी फॉर टू', 'किटी फॉइल्ड' आणि 'द कॅट कॉन्चेर्टो' यांपासून सुरुवात करा. 'माउस इन मॅनहॅटन'मध्ये तर जेरी जवळजवळ एकटाच शहरभर हिंडतो. बंदूक, सिगारेट, दारू जुन्या भागांत भरपूर आहे, कारण ते मोठ्यांसकट सगळ्यांसाठीच्या सिनेमागृहात लागायचे. आधी स्वतः एकदा बघून घ्या. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त पडदा नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एक तास म्हणजे आठ भाग. स्ट्रीमिंग ॲपमधलं पुढचा भाग आपोआप लावणारं बटण बंद केलं नाही तर आठाचे अठरा होतात.

गल्लीत पडदा लावून सगळ्या पोरांना दाखवायचंय. काय तयारी लागते?

आधी परवानगीचं बघा. स्ट्रीमिंग ॲपचं सदस्यत्व घरगुती बघण्यापुरतं असतं, चौकात लावायला नाही. भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, त्यामुळे फार जुन्या भागांचा हिशेब वेगळा पडू शकतो. पण पात्रांची नावं आणि चित्रं ट्रेडमार्कमध्ये असतात. तिकीट, वर्गणी, बॅनर किंवा दुकानाची जाहिरात असेल तर वकिलाला विचारूनच पुढे जा.

दोन मीटर रुंद चित्रासाठी साध्या प्रोजेक्टरला साधारण तीन मीटर अंतर लागतं. पांढरी चादर दुहेरी घ्या, एकेरीतून उजेड पलीकडे जातो. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, पावणेआठच्या आधी लावाल तर टॉम दिसेल, जेरी नाही.

इकडे सगळ्यात जास्त दगा देते ती उष्णता. बऱ्याच प्रोजेक्टरची मर्यादा ३५ ते ४० अंश असते आणि भुसावळकडे मे महिन्यात रात्री आठलाही पारा त्याच्या आसपास असू शकतो. मग तो मध्येच आपोआप बंद पडतो आणि लोक म्हणतात बिघडला. दिवसभर उन्हात तापलेल्या ओट्यावर किंवा पत्र्याच्या टेबलावर ठेवू नका, लाकडी स्टूल घ्या, हवा बाहेर फेकणाऱ्या बाजूला हातभर जागा सोडा, धुळीची जाळी आदल्या दिवशी साफ करा. दर चार भागांनंतर दहा मिनिटं विश्रांती द्या, पण त्या वेळात पंखा चालू राहू द्या, थेट प्लग उपटू नका.

वीज गेली तर १५० अँपिअर-अवरच्या चांगल्या बॅटरीचा इन्व्हर्टर प्रोजेक्टर आणि छोटा स्पीकर मिळून ३०० वॅटचा भार तीन-एक तास ओढतो. त्यावर कूलर जोडला की बॅटरी बरीच लवकर संपते. आवाज रात्री दहाच्या आत बंद, नियमच आहे तो.